‘चेरह’च्या नोंदी (आणि नाही, ते ‘चेहरा’ नाहीये)

१३ एप्रिल, रविवार
टीम ठरली, पाच जण. काल जोतिबाची यात्रा झाली, त्यामुळे दोघांच्या कानामागं अजून गुलाल होता, तसेच आले माझ्या घरी. ठरलं ते असं की मराठीत शब्दकोड्यांचं पुस्तक काढायचं, थीम हेरगिरी, दहा ते चौदा वयाच्या पोरांसाठी, आणि दिवाळीच्या आत. हेरांचं पुस्तक म्हटल्यावर खरी नावं वापरायची नाहीत हा भडंगचा हट्ट (भडंग म्हणजे आमची चित्रकार, हे तिचंच टोपणनाव). बाकीचे असे: तांबडा, म्हणजे रिटायर झालेले मराठीचे सर, तीस वर्षं शब्दकोडी रचतायत. पांढरा, आयटीवाला, वर्क फ्रॉम होम करतोय, तांबड्या सरांचाच जुना विद्यार्थी. काकवी, वय बासष्ट, मोडी वाचते, तिला तसंही सगळे काकीच म्हणतात त्यामुळे फक्त एक अक्षर वाढलं. आणि मी खर्डा. कच्चा खर्डा लिहायचं काम माझ्याकडं म्हणून खर्डा, तिखटपणाचा काही संबंध नाही.

पुस्तकाचं नाव ‘चेरह’. च-च्या भाषेत ‘हेर’. लहानपणी ज्यांनी ही भाषा बोलली त्यांना सांगायला नको, पहिल्या अक्षराच्या जागी च आणि ते अक्षर शेवटी, ‘मला माहीत’ चं ‘चलाम चाहीतम’. सरांनी पहिल्याच दिवशी नियम घातला की ‘तू’ हा शब्द च-च्या भाषेत पुस्तकात कुठेही येता कामा नये. का ते ज्याचं त्यानं मनात करून बघावं.

एक आधीच सांगून ठेवतो. मी बाई आहे, पण कोल्हापूरची, त्यामुळे या वहीत ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असंच येणार. ज्यांना ते चूक वाटतंय त्यांनी २७ जुलैची नोंद बघावी.

२० एप्रिल
पहिलं भांडण. पांढऱ्यानं इंग्रजी कोड्यांची पुस्तकं आणलेली, म्हणाला यातलेच प्रकार घेऊन मराठी शब्द भरूया. सर म्हणाले भर की, भरून दाखव. भरला आणि अर्ध्या तासात अडकला. इंग्रजीत एका घरात एक अक्षर, कुठलंही अक्षर कुठल्याही शब्दाला छेद देतं. आपल्याकडं घरात मात्रेसकट अक्षर बसतं, ‘पन्हाळा’ म्हणजे प-न्हा-ळा, तीनच घरं, आणि उभ्या शब्दात ‘न्हा’ पाहिजे, ‘न’ चालत नाही, ‘ना’ पण चालत नाही. मग न्हा असलेला दुसरा शब्द शोधत बसा. न्हावी आठवला पटकन आणि सगळे गप्पच झाले, कारण शिवा काशीद. सिद्दी जौहरच्या वेढ्यात महाराजांचं सोंग घेऊन दुसऱ्या पालखीत बसले ते, जातीनं नाभिक. सर म्हणाले, बघा, कोडं आपोआप सुटलं, आडवा पन्हाळा, उभा न्हावी, आता नकाशाचं पान इथनंच सुरू करायचं. मला शहारा आला, खोटं कशाला सांगू.

ठरलं: भाषांतर एक पण नाही.

२ मे, रात्री १ वाजता
पांढऱ्यानं शब्दशोधाचा प्रोग्रॅम लिहिला. शब्दांची यादी द्यायची, तो चौकटीत आडवे उभे तिरके लपवतो आणि उरलेली घरं भरतो. पहिल्या रनला ‘कोल्हापूर’ नऊ घरांत पसरलं. क वेगळा, ओकाराची मात्रा वेगळ्या घरात एकटीच लटकत, पाय मोडल्याचं चिन्ह वेगळं. कारण कॉम्प्युटरच्या लेखी युनिकोडमधे (म्हणजे जगातल्या लिप्या कॉम्प्युटरात साठवायची पद्धत) ती नऊ चिन्हंच आहेत, अक्षर नावाची गोष्ट त्याला माहीत नसते. मग त्यानं कुठलीतरी लायब्ररी (आयता मिळणारा कोड) लावली जी मात्रा चिकटवून देते, तर पाच घरं झाली: को, ल्, हा, पू, र. जोडाक्षर फुटलेलंच. तासभर शोधल्यावर कळलं की देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ व्हर्जनमधे आला, २०२३ ला, आणि याची लायब्ररी त्याच्या आधीची. म्हणजे आपलं ल्हा नीट मोजायला जगाला २०२३ उजाडलं. अपडेट मारल्यावर चार घरं. पांढऱ्यानं ग्रुपवर चार घरांचा फोटो टाकला, खाली लिहिलं ‘जगात भारी कोल्हापुरी’, आणि झोपला असणार कारण नंतर रिप्लाय नाही.

११ मे
उरलेली घरं कशानं भरायची हा प्रश्न वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. प्रोग्रॅम कुठलीही अक्षरं टाकत होता, त्यामुळं चौकटीत ङ, ञ, ढौ, ठृ असला कचरा आणि त्यात खरा शब्द बॅटरी मारल्यासारखा दिसतो. पोरगं पाच सेकंदात शोधेल. म्हणून आता सरांच्या जुन्या निबंधांच्या वह्या टाइप करून त्यात कुठलं अक्षर किती वेळा येतं त्या प्रमाणात भरतोय, र, त, का, ला, ने, चा जास्त. लगेच चौकट मराठीसारखी दिसायला लागली.

इतकी मराठीसारखी की तिसऱ्या चौकटीत तिरकी एक शिवी आली. आपोआप. भडंगला दिसली पहिल्यांदा, ती खुर्चीवरनं पडायची बाकी होती. म्हणजे आता शिव्यांची यादी पाहिजे, प्रोग्रॅमला द्यायला, की हे शब्द बनले तर चौकट परत भर. कोण देणार? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी तांबड्या सरांनी चष्मा पुसला आणि शुद्धलेखन घालावं तशी एकेक शिवी सांगितली, ह्रस्व दीर्घासकट, पांढरा मान खाली घालून टाइप करत होता, ज्या सरांनी त्याला आठवीत शिवी दिली म्हणून वर्गाबाहेर काढलेलं तेच सर. सदतीस झाल्या. त्यातल्या नऊ मला माहीतच नव्हत्या. काकवी आत चहा करायला गेली होती, तिथनं ओरडून तिनं अडतिसावी सांगितली.

२५ मे
माहितीची पानं. प्रत्येक दहा कोड्यांनंतर एक खरा किस्सा टाकायचा असं ठरलंय, पण अट एकच, पक्कं माहीत असलेलंच. या अटीनं सगळ्यात जास्त मार बहिर्जी नाईकांच्या पानाला बसला. भडंगनं आठ चित्रं काढून ठेवलेली, वासुदेव, फकीर, गोंधळी, आणि सरांनी विचारलं यातलं कागदात कुठाय? कागदात फार थोडं आहे. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख, सुरतेची स्वारी १६६४ ची, त्याआधीची पाळत, एवढ्यावर उरलेलं सगळं लोकांनी आपापल्या मायेनं भरलेलं. भडंग नाराज. मग काकवीनं मार्ग काढला, पानाचं नाव ‘लोक सांगतात’ ठेवायचं, आणि खाली जुने शब्द द्यायचे, जासूद, नजरबाज, हरकारा, पाळत, टेहळणी, हे शब्द तर खरेच आहेत ना. चित्रं वाचली.

कौटिल्याचं पान मात्र सोपं गेलं, अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे प्रकारच मोजून दिलेत: कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस, हे एका जागी बसून काम करणारे, आणि सत्री, तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी हे फिरते. नऊ शब्द, आयतं कोडं. ‘रसद’ म्हणजे विष घालणारा हे कळल्यावर पांढरा म्हणाला आमच्या मेसचा आचारी.

सरांचा लाडका किस्सा १९४४ चा आहे. इंग्लंडात डेली टेलिग्राफच्या शब्दकोड्यात मे महिन्यात एकामागून एक युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी अशी उत्तरं आली, आणि १ जूनला नेपच्यून. हे सगळे नॉर्मंडीच्या चढाईचे गुप्त शब्द, आणि चढाई ६ जूनला. कोडं रचणारे लिओनर्ड डॉ नावाचे हेडमास्तर, त्यांच्या दारात गुप्तचर खात्याची माणसं. निष्पन्न काहीच झालं नाही. १९८४ ला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं की सर आम्हा पोरांनाच चौकटीत शब्द भरायला लावायचे आणि आम्ही ते जवळच्या छावणीतल्या सैनिकांकडनं ऐकलेले. आमचे सर हे सांगताना एकदम हळवे होतात कारण ते स्वतः पण ऑफ तासाला पोरांकडनं शब्द भरून घ्यायचे. “मास्तरची चौकशी व्हायचीच,” म्हणाले.

८ जून
सीझरची लिपी. ज्युलियस सीझर प्रत्येक अक्षर तीन घरं पुढं सरकवून लिहायचा, तीच आयडिया वर्णमालेवर लावायची. मात्रा आहे तशी ठेवायची, फक्त व्यंजन सरकवायचं. क चा घ, ख चा ङ. मी घरी बसून वीस शब्द केले, सरांनी त्यांच्या घरी वीस केले, एकत्र आणले तर जमेना. मिसळ माझ्याकडं ‘लिकग’, सरांकडं ‘लिक्षक’. दोघंही छातीठोक. तासभर भांडल्यावर कळलं मी व्यंजनं चौतीस धरली, क ते ळ, आणि सर क्ष ज्ञ पण धरून छत्तीस. म्हणजे स पासून तीन घरं पुढं गेलं की मी परत क वर येतो आणि सर क्ष वर थांबतात.

सर म्हणाले शाळेत आम्ही क्ष ज्ञ शिकवलंय, ते काय फुकट? काकवी म्हणाली क्ष म्हणजे क् आणि ष, तो आधीच दोन वेळा मोजलाय तुम्ही. पांढऱ्यानं २००९ चा शासन निर्णय काढला मोबाइलवर, त्यात क्ष ज्ञ विशेष संयुक्त व्यंजनं म्हणून वेगळी ठेवलीत. चौतीसवर ठरलं. सरांचे वीस शब्द मी परत करायचे. केले. सगळे. (असं मला वाटलं. १६ नोव्हेंबर बघा.)

२९ जून
टेस्टिंग. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीतली सात पोरं, बाहेर धो धो पाऊस, ग्राउंडवर चिखल, फुटबॉल बंद, म्हणजे कोडी सोडवायला पोरं हुकमी. भडंग आणि चहा देऊन बसवली. ४ नंबरचं सगळ्यांना आलं, ९ नंबरचं कुणालाच नाही (ओळख चुकीची होती, आमचीच चूक), आणि ३३ नंबरला जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

३३ मधे किल्ली दिलेलीच नाही. फक्त एवढंच लिहिलंय, ‘किती घरं सरकायचं ते पंचगंगेला विचारा. पहिल्या ओळीला इशारा, दुसरीला धोका.’ पहिलीतलं शेंबडं पोर पण ओरडलं, एकोणचाळीस आणि त्रेचाळीस! राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पुराची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट, ही पोरं पावसाळ्यात पाढ्यांच्या आधी हे शिकतात. मग त्यातल्याच एकीनं हिशोब केला की चौतीस अक्षरं संपली की परत क, म्हणजे ३९ म्हणजे खरं तर पाचच घरं, आणि ४३ म्हणजे नऊ. ‘पळ’ चं ‘यङ’ होतं हे बघून अर्धा तास सगळी यङ यङ करत पळत होती घरभर.

हेच कोडं पांढऱ्यानं पुण्यातल्या भाचीला पाठवलं. तिचा मेसेज आला, मामा, पंचगंगा कोण?

ग्रुपवर वाद, हे ठेवायचं का काढायचं. मी म्हणालो ठेवायचं. बाहेरच्या पोरांनी शोधावं, फोन करावा कोल्हापुरातल्या कुणालातरी, हेरानं माहिती काढायला नको होय? चार विरुद्ध एक. पांढरा भाचीमुळं विरोधात.

१२ जुलै
आज पुस्तक काढायचं असं एप्रिलमधे कुणीतरी बोललेलं, १६६० ला आजच्याच रात्री महाराज पन्हाळ्यावरनं निसटले म्हणून. भडंग पावनखिंडीच्या मोहिमेला गेलीय, पायात जळवा लागल्याचे फोटो टाकतेय. पुस्तक कच्चं आहे. पुढं.

२७ जुलै
डोकं फिरलंय. सावकाश लिहितो.

प्रूफ तपासायला बाहेर दिलेलं. ओळखीतनं मिळालेले गृहस्थ, काम चोख, वेळेत दिलं, आणि सगळं पुस्तक शुद्ध करून दिलं. सगळं म्हणजे सगळं. २७ नंबरच्या कोड्यात हेरानं मावशीला लिहिलेली चिठ्ठी आहे: “मावशी, पहीला हप्ता मिळाला. रवीवारी येणार होतो, तरिही गुरुवारी जमलं तर बघतो. नेहमीच्या जागि पिशवी ठेवा.” चार शब्द मुद्दाम चुकीचे, त्यांची पहिली अक्षरं लावली की ‘परत जा’. त्यांनी चारी शब्द दुरुस्त केले. आता ती एक साधी चिठ्ठी आहे, मावशीला लिहिलेली, आणि मागं उत्तर छापलंय ‘परत जा’. समासात लाल पेनानं शेरा, “लेखकाने ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्यावे.”

त्याहून वाईट १९ नंबर. त्यात तीन बायका भवानी मंडपात पकडल्यात, तिघी म्हणतात आम्ही मंगळवार पेठेतल्या, त्यातली एक खोटी. दोघी म्हणतात ‘मी काल अंबाबाईला गेलो होतो’, तिसरी म्हणते ‘मी काल अंबाबाईला गेले होते’. झालं, सापडली, कोल्हापूरची बाई गेले म्हणत नाही. यांनी दोघींचं ‘गेलो’ काढून ‘गेले’ केलं. आता तिघीही हेर.

आणि च-च्या भाषेच्या पानावर प्रत्येक शब्दाखाली प्रश्नचिन्ह, एकूण चौसष्ट प्रश्नचिन्हं.

पहिल्यांदा मला त्यांचाच राग आला. मग संध्याकाळी सरांकडं गेलो तर सर हसायलाच लागले. म्हणाले, त्या माणसाचं काय चुकलं, तुम्ही कुठं सांगितलं यातली कुठली चूक नोकरीवर आहे आणि कुठली बेकार. खरंय. आम्ही पाचांनी चुका डोक्यात ठेवलेल्या, कागदावर कुणीच नाही. म्हणून आता भडंगनं रबरी शिक्का बनवून घेतलाय, ‘ही चूक कामावर आहे’, आणि प्रत्येक मुद्दाम केलेल्या चुकीवर तो मारायचा, प्रिंटरपर्यंत सगळ्या प्रतींवर. त्याच गृहस्थांना परत दिलंय. त्यांनी फोन करून सॉरी म्हटलं आणि नंतर हळूच विचारलं, ती ३८ नंबरची चूक कामावरची का बेकार? बेकार होती. आम्हाला कुणालाच दिसलेली नव्हती.

१७ ऑगस्ट
मोडीचं पान झालं. काकवीनं हातानं लिहिलंय, आधी पानभर रेघा आखून घेतल्या आणि मग त्या रेघांना लटकवत हात न उचलता लिहीत गेली, बघत बसावं असं. मोडीचा फॉन्ट मिळतो आता (युनिकोडमधे २०१४ ला आली मोडी) पण हाताचं ते हाताचं. तिचं म्हणणं मोडी ही काही गुप्त लिपी नव्हे, रोजच्या कारभाराची लिपी, आपण विसरलो म्हणून ती गुप्त झाली, आणि तसं पानावर स्पष्ट लिहायचं. लिहिलं.

नूर इनायत खानचं पान पण आज फायनल. टिपू सुलतानच्या वंशातली, दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची हेर, जून १९४३ ला वायरलेस ऑपरेटर म्हणून फ्रान्सात उतरली, गुप्त नाव मॅडलिन, सप्टेंबर १९४४ ला नाझींनी डाखाऊच्या छळछावणीत मारली, १९४९ ला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस. तेव्हाचे हेर पाठ असलेल्या कवितेतले शब्द किल्ली म्हणून वापरायचे, पण कविता प्रसिद्ध असली तर शत्रू पण ओळखतो हा घोळ. म्हणून आमच्या कोड्याची किल्ली काकवीच्या आजीची जात्यावरची ओवी आहे, जी तिच्या घराबाहेर कुणाला माहीत नाही, आणि ती पुस्तकात तीन पानांवर तुकडे करून लपवलीय. भडंगनं नूरचं चित्र चार वेळा फाडलं. पाचवं चांगलं आलं, डोळे खाली, हेडफोन.

१० सप्टेंबर
गणपती गेले, प्रेस मोकळी झाली. पानं ७३ होत होती, प्रेसवाले म्हणाले सोळाच्या पटीत आणा, एक फर्मा सोळाचा. म्हणजे ६४ नाहीतर ८०. सर म्हणाले ९ काढूया, मी म्हणालो ७ वाढवूया, ८० केलं, पाच फर्मे. सेंटर पिन मारायची, गोंदाचं बायंडिंग नको, कोड्याचं पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहायला पाहिजे नाहीतर पोरगं एका हातानं पान दाबून दुसऱ्यानं लिहिणार आणि खोडरबर तिसऱ्या हातानं. कागद ८० जीएसएम, ७० ला पेन्सिलीचं मागं उमटतं.

उत्तरं लाल-निळ्या छपाईत. निळ्यात उत्तर, वर लाल रेघोट्यांची जाळी, नुसतं बघितलं तर काही कळत नाही, लाल जिलेटीन कागद ठेवला की लाल सगळं विरघळतं आणि निळं काळं होऊन वर येतं. जिलेटीन महाद्वार रोडला मिळालं, राखी-डेकोरेशनवाल्याकडं, उरलेला अख्खा रोलच घेतला.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक आला, आपल्याकडं तो फुकट मिळतो हे बऱ्याच जणांना माहीत नाही. तेरा आकड्यांचा, शेवटचा आकडा तपासणीचा असतो, एकाआड एक आकड्यांना १ नं आणि ३ नं गुणून बेरीज केली की दहानं भाग जायलाच पाहिजे. पांढऱ्याला हे कळल्यावर शेवटचं कोडं मिळालं, मागच्या कव्हरवरचा बारकोड हीच किल्ली. वाढवलेल्या सात पानांतलं एक भरलं.

२१ सप्टेंबर
कव्हरचं प्रूफ आलं. मोठ्या अक्षरात, फॉइलमधे, सुंदर: ‘चेहरा’.

ऑपरेटरनं स्वतःहून दुरुस्त केलं. वर म्हणाला, मॅडम, स्पेलिंग मिस्टेक होती, केलं मी नीट, एक्स्ट्रा पैसे नकोत. शिक्का आतल्या सगळ्या पानांवर मारलेला, कव्हरवर मारायचा राहिलेला.

५ ऑक्टोबर
पेन्सिली आल्या. ही माझी आयडिया, त्यामुळं माझ्याच गळ्यात. १९२४ ला न्यूयॉर्कमधे शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा प्रत्येक प्रतीला एक पेन्सिल लावून दिली होती, आणि ते तुफान खपलं, ही गोष्ट मी एवढ्या वेळा सांगितली की शेवटी सगळे म्हणाले आण बाई पेन्सिली. प्रती ५००, पेन्सिली ६००, काही तुटतील म्हणून. लाल पेन्सिल, त्यावर सोनेरीत ‘चेरह’.

पेन्सिल लावली की पुस्तकाचा गठ्ठा लागत नाही. दहा पुस्तकं एकावर एक ठेवली की पिसाचा मनोरा. प्लास्टिकची पिशवी घातली तर महाग, रबर लावलं तर कव्हर वाकतं. एका दुकानदारानं तर सरळ सांगितलं, पुस्तक ठेवतो, पेन्सिल घरी न्या. १९२४ च्या लोकांनी काय केलं असेल देव जाणे, तेवढं कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही. ठरलं: पेन्सिल लाँचच्या दिवशी हातात द्यायची.

२६ ऑक्टोबर, रविवार
लाँच. स्टेज नको, दीपप्रज्वलन नको, हारतुरे नकोत असं सगळ्यांचं एकमत (हे एकमेव). रंकाळ्यावर सकाळी सातला शोधमोहीम. सहा खलिते, म्हणजे कापडी पिशव्या, त्यात कोड्याची चिठ्ठी, एकीतनं पुढचीचा पत्ता, शेवटी संध्यामठाच्या बाजूला आम्ही पुस्तकं घेऊन. चहावाल्या मामांना परवलीचा शब्द शिकवलेला. पोरानं विचारायचं, “तांबडा कुठाय?” मामांनी म्हणायचं, “पांढऱ्यासंगं,” आणि चिठ्ठी द्यायची. 

पावणेसातला मामांनी सगळ्या चिठ्ठ्या वाटून टाकलेल्या. मॉर्निंग वॉकवाल्यांना, चहाबरोबर. त्यांना वाटलं जाहिरात आहे. परत लिहिल्या, मांडीवर वही ठेवून, पाच जणांनी, पाच हस्ताक्षरांत.

मग तीन नंबरचा खलिता. बाकाखाली ठेवलेला, बेवारस पिशवी बघून एका आजोबांनी आरडाओरडा केला, पन्नास माणसं गोल करून लांब उभी, मी पळत जाऊन ‘ओ, माझी आहे, माझी आहे’, तर आजोबा म्हणाले हात लावू नका, बाई, लांब व्हा! त्यांना पटवायला मला सगळ्यांसमोर पिशवी उघडून चिठ्ठी मोठ्यानं वाचावी लागली. चिठ्ठीत लिहिलेलं ‘चलाम चाहीतम चाहीन’. आजोबांनी एक क्षण बघितलं आणि त्याच भाषेत मला उत्तर दिलं, फाडफाड, मला निम्मं कळलं नाही. दोन प्रती त्यांनीच घेतल्या. 

एकूण साठेक पोरं आली. आमच्या गल्लीतली सात आधीच सगळं सोडवून बसलेली म्हणून त्यांना पहाऱ्यावर ठेवलं, त्यांनी चॉकलेट घेऊन उत्तरं विकली. सर बघत होते, काही बोलले नाहीत, वर म्हणाले हे चालायचंच, फितुरीशिवाय हेरगिरी कुठली. १११ प्रती गेल्या, १५० रुपयांनी. दुपारी मिसळ खाल्ली, बिल काकवीनं दिलं.

१६ नोव्हेंबर
गडहिंग्लजवरनं एका मुलीचा फोन, सहावीत आहे. आईच्या मोबाइलवरनं, एकदम पोलिसी आवाजात. “४१ नंबरमधला ‘मिस्लस’ कोण आहे? कुठल्या देशाचा हेर?” मी म्हणालो असं कुणी नाही. ती म्हणाली आहे, मी तीनदा केलं, मिस्लस येतंय.

पुस्तक उघडलं. ४१ म्हणजे हेराच्या जेवणाची यादी, आणि त्यात छापलंय ‘लिक्षक’. सरांचा छत्तीसवाला जुना शब्द, मी बदलायचा राहिलेला. तिनं नियमाप्रमाणं क्ष फोडून क् आणि ष केला, दोन्ही तीन घरं मागं आणले, स्ल. शेवटचा क मागं आणला, स. मिस्लस. तिचं काहीच चुकलं नाही, बेकार चूक माझी. मी कबूल करायला तोंड उघडतोय तोवर ती म्हणाली, “थांबा, सांगू नका. तुम्ही क्ष ज्ञ पण मोजलंय का एकाच ठिकाणी? मग मिसळ येतंय. पण मग बाकीच्या ठिकाणी का नाही मोजलं? त्यात काय मेसेज आहे?”

काही मेसेज नाही असं सांगायला जीव होईना, पण सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “असं होय,” आणि ठेवला फोन. तिला पटलेलं नाही हे नक्की.

ग्रुपवर टाकलं. सर सगळ्यात खूश, जूनपासूनच्या भांडणात त्यांचा एक शब्द शेवटी छापून आलाच. शुद्धिपत्र काढायचं ठरलंय, एका ओळीचं, उरलेल्या २४० प्रतींत घालायचं, आणि पांढरा म्हणतोय ते पण चौतीसच्या लिपीत लिहूया, यावेळी प्रोग्रॅमनं करतो, खर्डाच्या हातात देऊ नका.

पेन्सिली ३८२ शिल्लक आहेत. शाळा, क्लास, वाढदिवस, कुणाला पाहिजे असतील तर माझ्याकडनं घेऊन जा, पुस्तक घ्यायलाच पाहिजे असं नाही.